वाट नंबर चार

घरमालकांनी मला खोली दाखवण्याआधी माझ्या चपला पाहिल्या.

दहावीला चांगले मार्क पडल्याची शिक्षा म्हणून मी सांगली सोडून भंडारा जिल्ह्यात आले होते. खेड्यातल्या पोस्टाच्या नोकरीची यादी मार्कांवर लागते, आणि माझं नाव लाखनीच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावापुढे लागलं. पोस्टमास्तर मीच, पोस्टमन मीच, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा झाडू मारणारीही मीच. रेल्वे, मग एसटी, मग काळीपिवळीत बोकड मांडीवर घेतलेल्या माणसाशेजारची अर्धी जागा, असा प्रवास करून मी दोन बॅगांसकट त्या ओसरीवर उभी होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायांत गमबूट घातलेला एक सडसडीत म्हातारा वाकून माझ्या पायांकडे बघत होता.

"चालता येते काय?"

"येतं की."

"किती?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "लागेल तेवढं."

"मंग ठीक आहे. चपला बदला लागन. खोली मांगं आहे."

भाडं किती, मटण चालतं का, पाहुणे किती येणार, यातलं एक अक्षर नाही. पोस्ट त्यांच्या ओसरीच्या पुढच्या खोलीत आणि मी मागच्या खोलीत, अशी माझी सोय लागली. गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले.

काकाजी चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत सर्व्हेच्या कामावर होते. सर्व्हे म्हटलं की कुणालाही साहेब आठवतो. हे साहेबाच्या मागे टेपचं दुसरं टोक धरून चालणारे. उभी नोकरी त्यांनी जमिनीच्या पोटात ते दुसरं टोक धरून काढली. निवृत्तीच्या दिवशी सगळं सामान जमा केलं, हेल्मेट तेवढं चुकून घरी आलं असं ते सांगत. चुकून म्हणजे डोक्यावर घालूनच आलं. मग गावी आले आणि चालायला लागले, ते मी तिथे पोचले तेव्हाही थांबलेले नव्हते.

"रानात हेल्मेट कशाला, काकाजी?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"बेल पडते झाडावरून."

"कुणाच्या डोक्यात पडला?"

"पडला नाई अजून. म्हनूनच तं."

मोजणं हा त्यांचा दुसरा रोग. खाटेपासून नळापर्यंत तेवीस पावलं, नळापासून पोस्टाच्या टेबलापर्यंत एकोणीस. लग्नाला जाऊन आले की जेवणाबद्दल चकार शब्द नाही, मांडवापासून पंगत किती पावलांवर होती ते सांगत. एकदा मयताहून आले आणि हातपाय धुता धुता हळहळत म्हणाले, "लंब्या रस्त्यानं नेलं बिचाऱ्याले. पारावरून नेलं असतं तं दोनशे पावलं वाचले असते." (पार म्हणजे तलावाचा बांध. आमच्याकडे पारावर म्हातारे बसतात, इथे पारावरून चालतात.) वाचलेल्या पावलांचं मेलेल्या माणसाने करायचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांना माझी मनापासून कीव आली.

गळ्यात एक शिट्टी असायची. खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा असतो, त्याला घंटेचे इशारे लागतात. काकाजींनी त्यातून घरगुती इशारे बनवले होते. रानातून परतताना तलावाच्या पारावर चढले की तीन शिट्ट्या. अर्थ असा, की माणूस येऊन राहिला, चहा ठेव. काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून थाळीवर चमचा आपटून उत्तर देत. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन ठोके म्हणजे दूध नाही, येताना घेऊन या. तीन ठोके क्वचित पडायचे. घरी कुणी आलंय, तुम्ही तिकडेच राहिलात तर बरं होईल, असा त्याचा अर्थ.

काकू ठेंगण्या, गोल आणि तोंडाने फटकळ. या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार झाला तो केवळ हा माणूस घरात नसतो म्हणून, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. "डोक्यावर हेलमेट घालून फिरते," त्या मला म्हणायच्या, "पन आत जपाले काय ठेवलं आहे, ते नाई सांगत."

मी टपाल वाटायला सायकल घ्यायची म्हणाले, तर काकाजींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन उभे राहिले. "बेटा, रस्ता सरकारचा असते, वाट पायाची असते. रस्त्यावर दोन वर्षं कोनी गेलं नाई तरी रस्ता राहाते. वाटेवर एक पावसाळा कोनी गेलं नाई, का मेली."

"माझ्या सायकलने वाट मरते?"

"चाकानं वाटेले घडी पडते. पायानं पडत नाई."

हे शास्त्र कुठलं ते मला आजही माहीत नाही, पण सायकल राहिली. टपाल चार वाड्यांवर वाटायचं होतं, आणि काकाजींच्या चार वाटा त्यातल्या तीन वाड्यांवरून जात. वाटांना त्यांनी खाणीतल्यासारखे नंबर दिले होते. एक नंबर टेकडीची. धावड्याच्या झाडांतून चढते, माथ्यावर सपाट खडक आहे आणि तिथून चौदा तलाव दिसतात. चौदा हा आकडा त्यांचा, मला कधी अकराच्या पुढे जाता आलं नाही. दोन नंबर नाल्याकाठची. उन्हाळ्यात तिथली वाळू सकाळी दहापर्यंत गार असते, आणि उंबराखाली उभं राहिलं की कुठेतरी मोर उगाच ओरडतो. तीन नंबर मोहाच्या रानातली. फुलं पडतात त्या दिवसांत पहाटेपासून बाया वेचायला असतात, आणि बायांच्या आधी अस्वल येऊन गेलेलं असतं. तिथून जाताना काकाजी शिट्टी तोंडातून काढत नसत, आणि ती ऐकून अस्वलाऐवजी बायाच शिव्या देत.

मला या वाटा आवडायला लागल्या, हे कबूल करते. सांगलीत मी रिक्षाशिवाय कोपऱ्यावर जात नव्हते. इथे पळस फुलला की एखादं पत्र आजच्याऐवजी उद्या पोचवायला हरकत नाही, अशा निगरगट्ट विचारापर्यंत मी सहा महिन्यांत आले.

चार नंबरची वाट वेगळी होती. ती तलावाच्या पारावरून निघून धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, धुऱ्यांवरून जाते, टेकडीचा खांदा ओलांडते आणि पलीकडे नदीवर उतरते. उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी, पावसाळ्यात डोंगा, म्हणजे छोटी होडी. पल्याडचं गाव माझ्या टपालात नव्हतं. तरी काकाजी दर पंधरा दिवसांनी खांद्यावर पिशवी टाकून तिकडे जायचे. पिशवीत सुकी मासोळी, लाखोरीची डाळ, एखादं लुगडं. येताना त्याच पिशवीतून चारोळ्या नाहीतर लोणच्याची बरणी यायची.

"तिकडे कोण आहे?" मी काकूंना विचारलं.

"माही बाई." इकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

"मग तुम्ही का नाही जात?"

"मले बस लागते."

काकूंना बस लागायची. साधीसुधी नाही, बसचा हॉर्न ऐकून पदर तोंडाशी जायचा. रस्त्याने बहिणीकडे जायचं तर आधी लाखनी, तिथे गाडी बदला, लांबून पूल ओलांडा आणि तेवढंच पुन्हा मागे या. "एकदा गेल्ती," काकू म्हणाल्या. "तिच्या दारात उतरली अन् पयले तिच्या अंगनात ओकली. तिनं मले जवळ घ्याच्या आधी झाडूच आनला."

"मग वाटेने जायचं. सव्वादोन तास तर लागतात."

"पारापासून टेकडीपर्यंत एक झाड नाई. डोकं शिजते, चक्कर येते. दोनदा अर्ध्यातून वापस आली." त्या तांदूळ निवडत होत्या, तो हात थांबला. "नवरी होऊन त्याच वाटेनं आल्ती मी. तवा झाडं होते. बांध्या वाढवल्या, झाडं गेले." मग म्हणाल्या, "बाईचे डोळे जाऊन राहिले. फोनवर रोज बोलते मी. पन फोनवर हात नाई धरता येत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाट पायाची असते, एक पावसाळा गेला का मेली, हे सगळं थोर तत्त्वज्ञान या बाईला बस लागते यावर उभं होतं. कधीतरी काकू जातील, तोवर चार नंबर मरू द्यायची नाही, म्हणून हा माणूस एकटा ती तुडवत होता. तोंडाने मात्र कबूल करत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "छे, मी व्यायामासाठी जाते."

घोडं अडलं ते पारापलीकडच्या शेतात. त्या शेताचा मालक ट्रॅक्टर, गोठा आणि काळा गॉगल बाळगून होता, गाव त्याला भाऊ म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, त्याचं धान रानडुकरं खात होती हे खरंच होतं. एके दिवशी पोस्टात खात्याचं पुस्तक भरून घ्यायला आला आणि जाता जाता काकाजींना म्हणाला, "काकाजी, यंदा तार मारून राहिलो मी. चारी बाजूनं."

"मारा. वाट सोडून मारा."

"वाट कोठी आहे जी? चालते कोन? तुमी न तुमचं हेलमेट."

"वाट आहे. आज्याच्या काळापासून आहे."

"आज्याच्या काळी आजे चालत. आता दाखवा मले मानसं." भाऊंनी गॉगल कपाळावर चढवला. "दिवाळीपर्यंत दाखवा. चालून राहिले लोकं, तं मी जागा सोडतो. नाई तं तार सरळ जाईन, मंग रागवाचं नाई."

काकाजींनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या फळ्यावर बचत खात्याच्या जाहिरातीशेजारी चारही वाटांचा नकाशा लागला, खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द: 'चाला'. पैसे काढायला आलेल्या माणसाला ते ओसरीवर गाठत आणि चार नंबरची महती ऐकवत. लोक हो जी, हो जी म्हणत आणि मोटरसायकलला किक मारत. लाखनीच्या कॉलेजची दोन पोरं आली, ती एक नंबरच्या खडकावर फोटो काढून गेली. चार नंबरवर कुणी फिरकलं नाही.

काकाजींनी विचार करून निदान काढलं, की लोक चुकायला भितात. "खानीत खाली सूर्य नाई, झाड नाई, सारं सारखंच दिसते. खूनच माय अन् खूनच बाप. वाटेले खुना पायजे."

कोणत्या रंगाच्या, यावर पोस्टासमोरच्या सिमेंटच्या बाकड्यावर त्यांच्या दोस्तांची बैठक बसली. मी खिडकीतून ऐकत होते.

"निळा लाव," एक म्हणाला.

"निळा लावला तं म्हनतीन, जय भीमवाल्यांची वाट आहे. बाकीचे येनार नाई."

"मंग भगवा."

"मंग आपले येनार नाई."

"हिरवा?"

"रानात हिरवा दिसते काय, बह्याड?"

लाल लावला तर झाड तोडायचा हुकूम समजून रातोरात नेतील. पिवळा लावला तर हळद समजून दगडापुढे नारळ फुटेल. शेवटी राहिला पांढरा. "पांढरा कोनाचाच नाई," काकाजी म्हणाले, आणि खाणीतही पांढराच असायचा, म्हणून त्यांचं समाधान झालं.

नुसत्या खुणा नाहीत, अंतरंही हवीत. ती अंदाजाने लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून ओळीने तीन रविवार त्यांनी मला कामाला जुंपलं. टेपचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच ते साहेबाच्या टोकाला होते आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "ताण ठेवा, मॅडम. ढिल्ला नाई चालत. खाली असते तं नोकरी गेली असती तुमची." धुऱ्यावरच्या दगडांवर पांढरा गोल, गोलात ठिपका, खाली आकडा. चार नंबरवर अशा एकोणचाळीस खुणा झाल्या. माझ्या खांद्यावर पोस्टाची खाकी पिशवी होती, कारण त्यात पाण्याची बाटली मावायची.

आम्हा दोघांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. महामार्ग रुंद झाला, तेव्हा या भागातल्या लोकांनी आधी हेच पाहिलं होतं. हेल्मेटवाला माणूस, टेप, दगडांवर पांढरे आकडे. आणि आता टेपच्या टोकाला सरकारी बाई.

सोमवारी पोस्टात इतकी गर्दी झाली, की मला वाटलं कुठल्या योजनेचे पैसे जमा झाले. "मॅडम, नोटीस आली काय?" पहिल्या माणसाने हळूच विचारलं.

"कसली नोटीस?"

त्याने मागच्याकडे पाहिलं, मागच्याने मान हलवली. "असू द्या. सांगाची मनाई असन तं नका सांगू."

महामार्गाने गावाला आणखी एक धडा दिला होता. रस्त्यात जमीन गेली तर मोबदला मिळतो, पण जमिनीवर झाड असलं तर झाडाचा वेगळा, आणि फळझाडाचा त्याहून बरा. आठवड्याच्या आत चार नंबरच्या दोन्ही अंगांना खड्डे पडले. आंब्याची कलमं, जांभूळ, चिंच, एकाने घाईत नुसता शेवगाच रोवला. धानाच्या रोवण्याला मजूर मिळत नव्हते आणि आंब्याला घरचे सगळे राबत होते. ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी सगळ्यांवर ताण केली. लाखनीहून ट्रॉली भरून कलमं आणली, आणि तार मारली ती खुणांपासून चांगली आठ-दहा हात मागे, 'रस्त्याची' जागा मोजणाऱ्याला स्वच्छ दिसावी म्हणून. जी वाट कालपर्यंत कुणाला दिसत नव्हती, ती आता अख्ख्या गावाला रस्त्याएवढी रुंद दिसत होती. सकाळ-संध्याकाळ माणसं तिच्यावरून चालायला लागली. स्वतःच्या झाडांना पाणी घालायला एकदा, शेजाऱ्याने किती लावली ते मोजायला दोनदा.

काकाजी पहिले चार दिवस हवेत होते. "पाहा, लोकं चालून राहिले. खुना पायजे होत्या, सांगत होतो का नाई?" पाचव्या दिवशी कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की पूल नेमका कुठे होणार. तेव्हा त्यांना कळलं. घरी आले तेव्हा शिट्टी वाजवायचीही विसरले होते.

"रोज सकारी पंचशील म्हनता," काकू म्हणाल्या. "चौथं शील कोनतं जी?"

"खोटं नाई बोलाचं."

"मंग?"

"मी कोठी बोललो खोटं? मी तं कायीच नाई बोललो."

"मंग बोला."

"बोललो, का तार सरळ जाईन." ते काकूंकडे न बघता म्हणाले. "मंग वाट गेली."

इतक्या वर्षांत कदाचित पहिल्यांदाच काकूंना कळलं असावं, की हा माणूस कुणासाठी चालतोय. किंवा आधीपासून माहीत असेल, मला सांगितलं नसेल. काकाजी त्या संध्याकाळी खाटेपासून नळापर्यंत आणि नळापासून खाटेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. मी त्यांना सरळ सल्ला दिला, की दिवाळीपर्यंत तोंड उघडू नका, झाडं लागतायत तर लागू द्या, कुणाचं काही वाईट होत नाहीये. तो सल्ला मला अजूनही बरोबर वाटतो.

त्यांनी तो ऐकला नाही. ग्रामसभेत ते उठून उभे राहिले आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मी त्यांना पहिल्यांदाच उघड्या डोक्याने पाहिलं. केस पांढरे आणि चपटे बसलेले, आणि माणूस एकदम लहान दिसत होता.

"रस्ता-गिस्ता काई येऊन नाई राहिला," ते म्हणाले. "त्या खुना माह्या आहेत. चालाच्या खुना. मॅडमनं टेप धरला तो मी म्हनलं म्हनून. कोनी आशेवर राहू नका. झाडं लावाचे तं सावलीसाठी लावा."

सगळ्यांच्या माना ट्रॅक्टरवाल्या भाऊंकडे वळल्या. काकू माझ्याशेजारी बायांत बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

भाऊंनी गॉगल काढून पुसला. "काकाजी," ते फार समजुतीने म्हणाले, "तुमाले असं बोलाले कोनी सांगतलं?"

"कोनी नाई. खरं आहे ते सांगून राहिलो."

"असन, असन." भाऊंनी डोळा बारीक केला. "दाब असन वरून. आम्ही नाई विचारत."

"झाडं लावू नाई लोकांनी म्हनून बोलाले लावलं," मागून एक जण शेजाऱ्याला म्हणाला.

"हेलमेट काढून बोलला म्हंजे मामला मोठा आहे," शेजाऱ्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा ट्रॅक्टर आणखी एक ट्रॉली कलमं आणायला गेला.

काकाजींना हे फार लागलं. खोटं बोलल्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत, असं त्यांना वाटायला लागलं, आणि तसं असेल तर चौथ्या शीलाचं करायचं काय, हे ते मला विचारत राहिले. मला काय ठाऊक? काकूंनी मात्र विषय निकालात काढला. "तुमी खरं बोलले न? झालं. लोकाईले कान देनं आपल्या हाती नाई." आणि त्या दिवशी न मागता त्यांना दुसरा कप चहा दिला.

दिवाळी आली आणि गेली. तार होती तिथेच राहिली. दुसरं वर्ष गेलं, नोटीस आली नाही. हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाने दुसऱ्यापेक्षा दोन झाडं जास्त लावलेली होती. शिवाय अंग धरलेला आंबा कोण उपटतो? माझी सांगलीकडे बदली झाली, तेव्हा कलमं माझ्या खांद्याला आली होती. भाऊ पोस्टात निरोप द्यायला आले आणि म्हणाले, "रस्ता नाई आला तं नाई आला, मॅडम. आंबे तं येतीन." काकाजी काळीपिवळीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटभर पावलं मोजत होते.

त्यानंतर सणासुदीला फोनवर बोलणं व्हायचं, पण सात-आठ वर्षं जाणं झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात लाखनीला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले आणि तिथून गावात गेले. कुणाला कळवलं नव्हतं.

काकाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. पायांत गमबुटांऐवजी रबरी सपाता, डोकं उघडं. मला ओळखायला त्यांनी आधी पायांकडे पाहिलं.

"चपला बऱ्या आहेत," ते म्हणाले. "चालता येते काय अजून?"

"तुम्ही सांगा. तुमचं कसं?"

"दम लागते. पारापर्यंत जाते, तठून पाहाते." त्यांनी पारापर्यंतची पावलं सांगितली. पूर्वी होती त्यापेक्षा दीडपट. "पाय तेच आहेत, पावलं लहान झाले."

"आणि काकू?"

"चार नंबर." ते वैतागल्यासारखे म्हणाले, पण वैतागलेले नव्हते. "दर पंधरा दिवसानं जाते. बाईचे डोळे पुरे गेले आता. दोघी हात धरून बसते न दोन दोन दिवस बोलते. काय बोलत असतीन कोनाले मालूम. अन् चाल कशी, तं प्रत्येक आंब्याखाली बसते. माहे सव्वादोन तास, तिचे चार."

"उन्हाचा त्रास नाही होत?"

"ऊन कोठी आहे?" काकाजी म्हणाले. "पारापासून टेकडीपर्यंत सावलीच आहे सारी."

एवढ्यात तलावाकडून शिट्टी वाजली. एक, दोन, तीन.

काकाजींनी खुर्चीशेजारी हात घातला. तिथे थाळी आणि चमचा ठेवलेला होता. त्यांनी एक ठोका दिला. मग माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि आणखी एक दिला.

मी ओसरीच्या कडेला जाऊन पाहिलं. पारावर एक ठेंगणी, गोल आकृती होती, खांद्यावर पिशवी आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. हेल्मेट थांबलं. तिथून काहीतरी बोललं, ते बरं नसावं. मग वळलं आणि आंब्यांच्या सावलीतून ट्रॅक्टरवाल्या भाऊंच्या गोठ्याकडे दूध आणायला गेलं.